पिशव्यांनी भरलेलं शिबिर

नांदेडच्या एसटीतून वारंगा फाट्यावर उतरलो तेव्हा एका खांद्यावर प्रोजेक्टर होता, दुसऱ्यावर सीड्यांची पिशवी आणि डोक्यात दोन तासांचं भाषण. पुण्यात आमचा खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा लहानसा गट होता. खुलं म्हणजे कुणीही उघडून पाहावं, सुधारावं, आपल्या भाषेत आणावं असं. गावोगावी शिबिरं घेऊन नवी माणसं जोडायची, ही कल्पना माझी. आधीच्या दोन शिबिरांनंतर कुणीच काही सुधारून किंवा मराठीत आणून पाठवलं नव्हतं. याही वेळी तसंच झालं तर शिबिरं बंद, असं ठरलं. एक तरी माणूस जोडून आणतो, असं सांगून मी एकटाच निघालो. बरोबर यायला कुणी तयार नव्हतं.

फाट्यावर भजी खाल्ली आणि जीपमध्ये अंग कोंबून आखाडा बाळापूर गाठलं. दिवस मी मुद्दाम बाजाराचा धरला होता. सगळा परिसर गावात येणार, गर्दी आयती मिळणार. पुण्यात बसून काढलेल्या या युक्तीवर मी फार खूश होतो.

माणसं आलीही. टायपिंगच्या क्लासची खोली होती. दारातून एका आजोबांनी विचारलं, "हितं पिशवी ठिवली तर चालंल का?" मी उत्साहानं हो म्हटलं. तासाभरात खुर्च्या भरल्या. मिरच्या, कांदे, एक नवी कुदळ. मी दाराशी राखणीला. बाराला लाईट गेली आणि प्रोजेक्टरही पिशव्यांत जमा झाला. बाहेर एवढा गलका, पण मला नावानं हाक मारील असं त्यात कुणी नव्हतं.

दुपारी चव्हाणबाई आल्या. जवळच्या तांड्यावरच्या (बंजारा वस्तीतल्या), तो क्लास चालवणाऱ्या. खोली त्यांनीच दिली होती. पिशव्या बघून त्या हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मी घाईनं भाषण सुरू केलं.

"सर, तुमी काहून (का) नुसते बोलूनच राहिले?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पहिल्याच दिवशी बोटं बटनावर ठिवायची. काम काय हाय ते द्या."

भाषण दोन तासांचं होतं; हाती देण्याजोगं काम दहा मिनिटांचंही नव्हतं. शेवटी सीड्या हलू नयेत म्हणून पिशवीच्या तळाशी कोंबलेले कागद आठवले. एका सॉफ्टवेअरमधल्या, मराठीत आणायच्या राहिलेल्या सूचना त्यावर छापलेल्या होत्या. बाई दारातल्या उजेडात बसून पेन्सिलीनं ओळी भरू लागल्या. लोक येऊन पिशव्या नेत होते. कुदळ गेली तोवर दोन पानं झाली होती.

"माझं नाव येईल यात?" कागद देताना त्यांनी विचारलं.

"येणारच. जगभर दिसेल."

"जगाचं राहू द्या. हितं दिसलं की झालं."

पुण्यात गटानं विचारलं, किती जण आले? एक, असं म्हणून मी कागद पुढे ठेवले. शिबिरं वाचली. मग हातभार लावणाऱ्यांच्या यादीत नाव घालायला बसलो आणि लक्षात आलं, बाईंना मी सीड्या दिल्या, माझं कार्ड दिलं, पण त्यांचं पूर्ण नाव विचारलंच नाही. क्लासचा फोन लागेना. शेवटी 'चव्हाणबाई, आखाडा बाळापूर' एवढंच लिहिलं.

पुढच्या शिबिरांना मी भाषण नेलं नाही. छापील कागद आणि पेन्सिली नेल्या. ती यादी असलेली नवी सीडी बाईंना पोस्टानं पाठवली, उत्तर आलं नाही. आता गटही उरलेला नाही. तरी ते सॉफ्टवेअर उघडलं की मी आधी ती यादी बघतो. बाळापूरच्या त्या खोलीत ती कुणी उघडली का, ते अजून मला ठाऊक नाही.