स्क्रबरपाशी

आई गेल्यावर चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. आमच्या कारखान्यात गंधक जाळतात. उरलेला वायू चिमणीतून सोडण्याआधी एका उंच टॉवरमधून नेतात, त्याला आम्ही स्क्रबर म्हणतो. वरून कॉस्टिक सोड्याचं पाणी पडतं, खालून वायू चढतो आणि त्यातला घसा जाळणारा भाग पाणी शोषून घेतं. पाण्याचा पीएच उतरला की नवीन कॉस्टिक सोडायचं. माझं काम एवढंच.

उचगावच्या घरी तेरा दिवस बायका गळ्यात पडून रडत होत्या. मी त्यांना पाणी देत होते.

त्या सकाळी वारा अगदी पडलेला. मीटरवर पीएच साडेआठ होता, मग साडेसात. मी वहीत लिहिलं. सहा झाला, तेही लिहिलं. कॉस्टिकचा व्हॉल्व्ह चार पावलांवर होता. उठायला हवं हे कळत होतं, पण उठले नाही.

बाहेर कुणीतरी खोकलं. मग बरेच जण. तोंडावर ओला रुमाल धरून चाचा आत आले. स्क्रबरचे जुने ऑपरेटर. सगळा प्लांट त्यांना चाचाच म्हणायचा.

"पीएच किती हाय?"

"साडेचार."

"मग बसलीयास काय गं!"

व्हॉल्व्ह त्यांनीच उघडला. पॅकिंगमधल्या दोघींना दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळी त्या घरी गेल्या.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला दिसत होतं. मी उठले नाही."

चाचा म्हणाले, "हिची आई वारलीय साहेब. हिला आज हितं बसवायचंच नव्हतं. पण झालं ते खरं लिवा."

खरं लिहिलं गेलं. मला लॅबमध्ये बसवलं. वाईट वाटलं नाही, बरंही नाही.

रविवारी त्या दोघींपैकी एकीच्या घरी गेले. माफी मागितली. "घसा अजून खरखरतोय की," ती सरळ म्हणाली. मग चहा टाकत तिनं विचारलं, "आई कशानं गेली गं तुझी?" मी सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चहावर साय धरली, तरी ती ऐकत होती.

पुढं काही महिन्यांनी चाचांनीच साहेबांशी बोलून मला परत स्क्रबरवर घेतलं. पहिल्या दिवशी ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. ड्यूटी सुटेपर्यंत आम्ही दोघं मीटरकडं बघत होतो. मध्ये एकदा ते म्हणाले, "आता सोड थोडं." मी उठून सोडलं.