हिल्का कुणाकडे वळणार

बक्षिसासाठी नाव पुकारलं की माणूस लगेच उठत नाही. आधी वळतो. शेजारी जे कुणी बसलेलं असेल त्याच्याकडे. मिठी मारणं, डोळे पुसणं, खुर्चीच्या पायाला अडखळणं, हे सगळं त्यानंतर. हेलसिंकीत हे कुणाला पुरतं कळलं असेल तर ते हिल्का तोर्विनेनला. देशभरातल्या छायालेखकांची जी संस्था आहे तिचा वार्षिक समारंभ मार्चमध्ये असतो, आणि वीसेक वर्षं त्या समारंभात कॅमेरा हिल्काच्या खांद्यावर असायचा. सभागृह कॅमेरामन लोकांनी खच्चून भरलेलं. पण त्या संध्याकाळी ज्याला त्याला सूट घालून खुर्चीत बसायचं असे. "हिल्का आहे की," असं एकदा कुणीतरी म्हणालं आणि ती त्या कामाला चिकटली ती चिकटलीच.

ती लवकर यायची. कोण कुणाला घेऊन आलंय, कोण कुणाच्या कुठल्या बाजूला बसलंय, हे डोळ्यात तेल घालून बघायची. स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर तिचंच चित्र दिसत असे. नाव पुकारायच्या आधीच ती चौकटीत चेहऱ्याच्या एका बाजूला मोकळी जागा सोडून ठेवायची, आणि माणूस नेमका त्या बाजूला वळायचा. एका वर्षी एस्को हाल्मे एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला आई अशा बंदोबस्तात बसला होता. हिल्काने जागा आईच्या बाजूला सोडली. एस्को वळायच्या आधीच त्याच्या बायकोने ते पडद्यावर वाचलं. घरी गेल्यावर पुढे काय झालं ते संस्थेच्या बातम्यांत आलं नाही.

स्वतः हिल्काला कधी बक्षीस मिळालं नव्हतं. बक्षिसं चित्रपटांना मिळतात, आणि ती आयुष्यभर टीव्हीसाठी माहितीपट करत राहिली. बर्फाला भोक पाडून मासे धरणारे म्हातारे, बंद पडणाऱ्या खेड्यांतल्या शाळा, रेनडिअरची पिल्लं मोजणाऱ्या बायका. लग्न केलं नाही. वेळच मिळाला नाही, असं ती सांगायची. वेळ होता, पण तो नेहमी दुसरीकडे कुठेतरी होता, उणे वीस अंशांत. आता सदुसष्टाव्या वर्षी ती शहरातल्या कालिओ भागात चौथ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या संसारात राहत होती, आणि दारावरच्या पाटीवर एकच आडनाव होतं.

जानेवारीत एस्कोचा फोन आला. तो आता संस्थेचा अध्यक्ष झाला होता.

"हिल्का, बसलीयस का?"

"उभी आहे. बटाटे उकडतायत."

"यंदाचा जीवनगौरव तुला द्यायचं ठरलंय. एकमताने."

हिल्काने शेगडी बंद केली. "मग कॅमेरा कोण धरणार?"

"बघ! मी पैज लावली होती, ही पहिलं हेच विचारणार. हैनी धरेल."

"हैनी? ती माणसाच्या नाकाला कॅमेरा चिकटवते. चौकटीत हवा म्हणून सोडत नाही."

"मग तू शिकव तिला. आणि ऐक, पहिल्या रांगेतली दोन तिकिटं ठेवलीयत. एक तुझं, एक तुझ्या माणसाचं."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पानावर बातमी आली. वर कुणाच्या तरी निधनाची, खाली कुणाला तरी जुना तिपाई स्टँड विकायचा होता त्याची, आणि मधोमध हिल्का. दिवसभर अभिनंदनं येत राहिली. ज्यांच्याशी दहा वर्षांत बोलणं नव्हतं तेही "फार आधी मिळायला हवं होतं" म्हणाले. तिला आनंद झाला, नाही असं नाही. एकटीनेच बेकरीत जाऊन तिने दालचिनीचा पाव आणला आणि उभ्याउभ्या खाल्ला. पण संध्याकाळी भांडी घासताना तिच्या मनात आलं की मार्चमध्ये आपलं नाव पुकारलं जाईल, कॅमेरा आपल्यावर असेल, आणि आपल्याला वळावं लागेल. कुणाकडे? शेजारी कुणीच नसेल तर ते पडद्यावर सगळ्यांना दिसणार. आणि पडदा तर तिच्या समोरच.

रविवारी तिने कयानीला राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. आउने तिच्याहून तीन वर्षांनी मोठी.

"मार्चमध्ये? हेलसिंकीला? माझे गुडघे पाहिलेस का?"

"गाडीने ये ना. स्टेशनवर मी येते घ्यायला."

"हिल्का, मी रागाने नाही हं म्हणत. पण आईला पोचवायला तू कुठे होतीस?"

"इनारीत, पार वर उत्तरेला. वादळात विमान सुटलं नाही, तुला माहितीये."

"आणि माझ्या पन्नाशीला?"

हिल्काने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रेनडिअर विण्याचा हंगाम होता," आउनेच म्हणाली. "पाठ आहे मला. नंतर आम्ही टीव्हीवर पाहिलं ना ते. छान होतं. हेही टीव्हीवर बघू."

"हे टीव्हीवर नसतं गं."

"मग फोटो पाठव."

त्यानंतर दोघी आउनेच्या मांजराबद्दल बोलल्या. टोमणा खोटा असता तर हिल्काने परतवला असता. खरा होता, म्हणून गिळला.

राहता राहिला ओइवा. ओइवा लेहतिमाकी तिचा ध्वनिमुद्रक. त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा कॅमेरा आणि टेप यांच्यामध्ये एक तार असायची. ती जिकडे जाईल तिकडे तिच्या मागोमाग हा, तारेच्या लांबीएवढ्या अंतरावर. पुढे तार गेली, तरी अंतर तेवढंच राहिलं. एका व्हॅनमध्ये, एका थर्मासातली कॉफी पीत, राईच्या पावाचे तुकडे वाटून घेत त्यांनी अर्धा देश पालथा घातला. विमानाचा आवाज आला की ओइवा बोट वर करायचा आणि हिल्का श्वाससुद्धा रोखून धरायची. त्याचं लग्न झालेलं होतं आणि बायकोवर, मार्केत्तावर, त्याचा जीव होता. हिल्काने त्यात कधी ढवळाढवळ केली नाही, मनातल्या मनातसुद्धा फारशी नाही. पण थंडीत हाताची बोटं वळेनाशी झाली की कुणीतरी शेजारी असावं, आणि तो ओइवा असावा, हे तिला इतक्या वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं.

त्याच्या घरी, सेइनायोकीला, फोन मार्केत्ताने उचलला. ओइवा आता ठार बहिरा व्हायच्या वाटेवर होता. फक्त डाव्या कानात थोडी धुगधुगी होती. मार्केत्ता ओरडून सांगताना हिल्काला ऐकू येत होतं. "हिल्का! अरे हिल्का तोर्विनेन! नाही, मेली नाही! बक्षीस मिळालंय तिला! शेजारी बसायला बोलावतेय!"

मग लांबून ओइवाचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा. "येतो म्हणावं! तिच्या शेजारी मी नाही तर कोण बसणार?"

त्या वाक्यावर हिल्काने फेब्रुवारी काढला. हो, तेवढं एक वाक्य पुरलं. बर्फाच्या राड्यातून बाजारात जाताना ती गुणगुणायला लागली. निळ्या लोकरी कापडाचं जाकीट शिवायला टाकलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कधी नव्हे ते विचारलं, "काय, पाहुणे येणारेत का?" आणि हिल्का म्हणाली, "हो. सेइनायोकीहून."

समारंभाच्या आदल्या दिवशी हाकानिएमीच्या बाजारात कॉफी घेताना हैनी तिच्यासमोर बसली. हैनी चाळिशीची, चलाख, आणि हिल्काला मनापासून मानणारी.

"एक विचारू? तू कुठल्या बाजूला वळणार?"

"उजवीकडे," हिल्का लगेच म्हणाली. "त्याचा डावा कान अजून थोडा चालतो. म्हणून त्याला उजवीकडे बसवणारे."

"त्याला!" हैनीने भुवया उडवल्या.

"जास्त शहाणपणा नको. जागा भरपूर सोड. मी वळले की लगेच पुढे घुसू नकोस, दोघांनाही राहू दे चौकटीत. तुला सांगते, तुझी चौकट म्हणजे गच्च भरलेलं कपाट असतं."

"सोडते गं बाई. आख्खा माणूस मावेल एवढी जागा सोडते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओइवा आला. वेळेआधी आला. कोट झटकत, पिशवीतले कोरडे बूट काढून घालत दारातच उभा होता. त्याच्याबरोबर मार्केत्ताही होती, हिरव्या पोशाखात.

"मी नसले तर याला काय कळणार कोण काय बोलतंय ते?" मार्केत्ता म्हणाली. "हा फक्त माझेच ओठ वाचतो. कानात सांगत राहीन. तिकीट मिळेल ना एखादं?"

तिकिटांच्या टेबलावरच्या बाईने यादी पाहिली. एकाला लागून एक अशा दोनच जागा उरल्या होत्या, वर बाल्कनीत. हिल्काच्या दोन जागा सोडल्या तर पहिली रांग भरलेली होती. "एक जण खाली आणि एक जण वर, असं चालेल का?" त्या बाईने विचारलं.

चालेल, हा शब्द हिल्काच्या अगदी जिभेवर होता. पुरस्कार तिचा, संध्याकाळ तिची, आणि ओइवानेच तर म्हटलं होतं, मी नाही तर कोण. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "प्रवास कसा झाला?" ओइवा हसला, मान हलवली, आणि त्याची नजर तिच्यावरून निघून मार्केत्ताच्या ओठांवर गेली. "प्रवास!" मार्केत्ता त्याच्या कानाशी म्हणाली. "हां, प्रवास! बरा झाला, बरा," ओइवा म्हणाला, मार्केत्ताला.

"दोघं वरच बसा," हिल्का म्हणाली. "वरून छान दिसतं."

"काय म्हणाली?" ओइवाने मार्केत्ताला विचारलं.

"वर बसा म्हणतेय."

"आणि ती?"

"तिची जागा पुढे आहे रे, तिचाच मान आहे आज."

ओइवाने हिल्काचे दोन्ही हात धरून जोरात हलवले आणि दोघं जिना चढून गेली, तो पुढे, ती त्याच्या कोपराला धरून मागे. कुणी चुकीचं वागलं नव्हतं. म्हणूनच रागवायलाही कुणी नव्हतं.

आमच्याकडे हेलसिंकीत बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहिली की माणूस सुखावतो. पिशवी ठेवतो, पाय सैल सोडतो, पुढच्या थांब्यावर कुणी चढू नये म्हणून प्रार्थना करतो. हिल्काही आयुष्यभर तशीच बसली होती. त्या संध्याकाळी तिने उजवीकडच्या खुर्चीवर शाल ठेवली. मग वाटलं, शालीने ती जास्तच रिकामी दिसतेय. शाल उचलली. हैनीला सांगायला हवं होतं, पण हैनी कानाला यंत्र लावून कधीच जागेवर उभी राहिली होती, आणि दिवे मंद झाले होते.

एकेक नाव पुकारलं गेलं. एकेक जण वळला. बायकोकडे, मुलीकडे, एक तर दिव्यांचं काम बघणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या सोबत्याकडे. हैनी जागा सोडत होती, बरोबर बाजूला, बरोबर मापाची. चांगलं शिकलीय, असं हिल्काला वाटलं, आणि त्याच क्षणी तिला भीती वाटली.

मग तिच्या कामाचे तुकडे दाखवले. इनारीचा कळप. शाळेच्या शेवटच्या दिवशी फळा पुसणारी बाई. मासे धरणारा म्हातारा, आणि त्याच्या बुटांखाली करकरणारं बर्फ. तो करकराट ओइवाने पालथं पडून मुद्रित केला होता, आणि त्या दिवशी त्याची दाढी बर्फाला चिकटली होती. सगळं सभागृह तो आवाज ऐकत होतं. वर बाल्कनीत ओइवाला तो ऐकू जात नव्हता. मार्केत्ता त्याच्या कानात काय सांगत असेल? बर्फ वाजतंय, म्हणून? हिल्काला मागे वळून बघावंसं फार वाटलं. पण पहिल्या रांगेतून बाल्कनी दिसत नाही.

"हिल्का तोर्विनेन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावर तिचा चेहरा आला, एका कडेला, आणि तिच्या उजव्या हाताला हैनीने कबूल केल्याप्रमाणे आख्खा माणूस मावेल एवढी जागा. त्या जागेत लाल खुर्चीची पाठ. हिल्काने ठरवलं होतं, वळायचं नाही. पण शरीर कुणाचं ऐकत नाही. ती उजवीकडे वळली. अर्धवट हसूसुद्धा चेहऱ्यावर आलं होतं. खुर्चीकडे बघून हसणारी म्हातारी तिने पडद्यावर पाहिली, आणि तिला इतकी लाज वाटली की उठायचं भानच राहिलं नाही. टाळ्या चालूच होत्या. हैनी बिचारी तशीच थांबली होती, पुढे न घुसता.

तेव्हा हिल्काने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, दोन्ही हात छातीसमोर धरले आणि तळवे हळूहळू एकमेकांजवळ आणले. जवळ ये. चौकट आवळ.

सभागृहात हशा पिकला. सगळे त्याच धंद्यातले, खूण सगळ्यांना कळली. "अरे, स्वतःच्या सत्कारातसुद्धा हिला राहवत नाही!" एस्को स्टेजवरून माइकमध्येच ओरडला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हैनीही हसली आणि पुढे सरकली. खुर्चीची पाठ अर्धी गेली. हिल्काचे तळवे अजून जवळ येत होते. मग खुर्ची पुरती गेली, निळ्या जाकिटाचे खांदे गेले, कान गेले. पडद्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच चेहरा उरला आणि त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना काहीच शिल्लक राहिलं नाही, तेव्हा कुठे हिल्काने हात खाली घेतले आणि ती उठली.