भाऊबीजेचं बुकिंग

गेस्ट आणि होस्ट हे इंग्रजीतले दोन शब्द म्हणजे सख्खे भाऊ. दोघांचं मूळ एकच, फार जुनं, आणि त्या मुळाचा अर्थ 'परका'. दारात आलेल्या परक्याला जेवू घातलं की तो गेस्ट, घालणारा होस्ट. उद्या तुम्ही त्याच्या दारात गेलात की हेच उलटं. 'हॉस्टाइल'ही त्याच घराण्यातला, कारण परका माणूस कसा निघेल काय सांगावं?

हे मला तोंडपाठ आहे. शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, आणि आता पळसदरीला धरणाच्या अंगाला असलेल्या आमच्या घरातल्या खोल्या सुट्टीच्या दिवशी शहरातल्या लोकांना भाड्याने देतो. पानं वाढली की मी ही गोष्ट सुरू करतो. "वॉव, सर!" म्हणतात. मला चढतं, खोटं कशाला बोलू!

घरात मात्र आमचे दोन शब्द झाले होते. पैसे देऊन येतो तो गेस्ट, न सांगता येतो तो पाहुणा. गेस्टला नवी चादर, पाहुण्याला जुनी. हे कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं.

गेल्या भाऊबीजेला सकाळीच साजगावहून धाकटी बहीण आली, पिशवीत करंज्या घेऊन. दरवर्षी येते आणि मागच्या खोलीत राहते. तिचं पहिलं बाळंतपण त्याच खोलीत झालं. फोन करून यायची पद्धत नाही. माहेरी कोण फोन करून जातं? पण दिवाळीचं घर भरलेलं, मागच्या खोलीत पुण्याचं जोडपं. मी म्हणालो, "अगं, कळवायचं तरी!"

ती पिशवी हातात धरून उभी राहिली. "असू दे रं दादा. मी काय, सैपाकघरात बी ऱ्हाईन."

मग पदर खोचून भाकऱ्या थापायला बसली. बायकोची एकटीची तारांबळ चालली होती, तेही खरंच. दुपारी पडवीत वाढायलाही तीच आली. एका गेस्टने हाक मारली, "मावशी, इकडे भाकरी!" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, बाई चांगली मिळालीय तुम्हाला." त्या वेळी मी काय करत होतो? गेस्ट-होस्टचं मूळ सांगत होतो! 'माझी बहीण आहे ती' एवढंच म्हणायचं होतं. मी नुसता हसलो. तिने ऐकलं, भाकरी वाढली आणि आत गेली.

ओवाळलं तिने मला, स्वयंपाकघरात, फ्रीज आणि सिलिंडरच्या मधे पाट मांडून. करंजी भरवली. "सून एकटी हाय घरी," म्हणाली आणि उजेड होता तोवर निघाली.

पुढे कधी त्यावर बोलली नाही. गणपतीला तिच्याकडे गेलो तर चहा, पोहे, सगळं नेहमीसारखं. मला वाटलं, विसरली. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

यंदा दिवाळीआधी तिचा फोन आला. "दादा, खोली हाय का रं भाऊबीजेला? नाय म्हंजे, तुमचं बुकिंग असतं ना. मला गेस्टात धर. काय असंल ते भाडं देते, पन ती मागची खोली दे."

टोमणा असता तर बरं झालं असतं. भांडलो असतो, रडलो असतो दोघं. पण ती खरंच विचारत होती, हळू आवाजात, बाहेरची माणसं विचारतात तसं. लाजेने माझी कानशिलं तापली. 'अगं वेडे, घर तुझं आहे,' असं म्हणायला तोंड उघडलं.

आणि म्हणालो, "थांब हं, बघतो." डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले होते. बुकिंगच्या तारखांना बायको तिथे लाल गोल करते.

भाऊबीजेला गोल नव्हता. मग मी म्हणालो, "ये."