पुण्यापर्यंत टिकणारी मेथी

पहिल्या खेपेला संतरामनं मेथीचा पार काढा करून पुण्याला धाडला. बायको शालूबाई लेकीचं, कोमलचं, तान्हं लेकरू सांभाळायला तिकडं गेलेली. घर खायला उठतं, हे हट्टा गावात कुणाला सांगणार? भाजी पाहून तरी तिला घर आठवेल, म्हणून वाफ्यात युरिया सढळ हातानं फेकला. मेथी काळीशार, लुसलुशीत तरारली. वसमतहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पोतं गेलं आणि सकाळी फोन आला.

"अवो, भाजी धाडली का शेवाळ? जावयासमोर पोतं सोडलं अन् लाज गेली माझी."

"गाडीत गरम झालं असंल."

"गाडीला काहून नावं ठेवता? युरिया किती वतला ते सांगा."

बाई पुण्यात बसून वाफा बघून राहिली होती.

तेव्हापासून संतरामला नादच लागला. विहिरीजवळ त्यानं चार वाफे पाडले. एक कोराच ठेवला, दुसऱ्यात नुसता युरिया. तिसऱ्यात सोबत सुपर फॉस्फेट, आणि चौथ्यात युरिया निम्म्यावर आणून वर पोटॅशही. माप शालूबाईच्या चहाच्या कपाचं. ती असती तर तोच कप डोक्यात घातला असता. उपटलेल्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी वास घ्यायचा. संतराम भाजी पिकवतो आणि झोपवतो, अशी गावात बातमी. युरियाची जुडी सकाळपर्यंत मान टाकायची. कोरी टिकायची, पण पिवळी, केविलवाणी, हुबेहूब संतरामसारखी. चौथ्या वाफ्याचं माप दोनदा बदललं, तेव्हा कुठं जुडी दुसऱ्या सांजेलाही ताठ राहिली.

त्या वाफ्याची मेथी पुण्याला गेली. शालूबाईचा आवाज हरखलेला.

"आत्ता उपटल्यावाणी हाय बघा! लसणाची फोडणी दिली, जावयानं दोनदा मागून घेतली."

"मग? कधी येऊन राहिली?"

पलीकडं लेकरू रडलं.

"मेथीच्या दिवसात येऊन जावं म्हणत होते. पण आता तुमीच हितं धाडून राहिले, मग काय घाई? लेकराला मान धरू द्या. तवर धाडत जा."

संतराम बांधावर बसला. नवा वाफा तयार होता, युरियाची गोणी अर्धी शिल्लक होती. दोन मुठी जास्त पडल्या तर पोतं पुन्हा सडेल, बाई चिडेल, आणि चिडली की भांडायला तरी येईल. त्यानं गोणीत हात घातलाही. बराच वेळ तो आतच राहिला. मग हात बाहेर आला, तो मापाचाच कप भरून.

पोटॅश मात्र संपलं होतं. तो शेजारच्या दिपककडं गेला.

"मामी येऊन राहिल्या का, मामा?"

"न्हाई. भाजी जाऊन राहिली. डबाभर पोटॅश दे, बाजाराच्या दिवशी आणून देतो."

त्यानंतर कितीतरी बाजार झाले. पुण्याला मेथी जाते, तिकडून 'बेस हाय' एवढाच निरोप येतो. परत द्यायला गेलं की दिपक पुन्हा मामींचं विचारणार, म्हणून त्याचा रिकामा डबा अजून संतरामच्याच ओट्यावर आहे.