मुक्या बाईचं बोलणं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही मध्येच उठून पाणी पिऊन आलो.

भिवंडीच्या एका दिवाळी अंकात मी कित्येक वर्षं एक विज्ञानकादंबरी क्रमशः लिहिली. भविष्यातलं शहर, हुकूमशहा, आणि एक कायदा — सरकारविरुद्ध बोलेल त्याच्या घशात कुलूप बसवायचं. त्यात एक पाणी वाटणारी बाई आहे. भर सभेत उठते, तोंड उघडते, आवाज फुटत नाही. एवढंच तिचं काम. पण वाचक तिच्याबद्दलच विचारतात. "सर, हे सुचलं कसं?" मी म्हणतो, "मौन हाच खरा निषेध." टाळ्या पडतात.

सुचलं कसं — सांगू?

ती बाई खरी आहे. कशेळीची हिरावहिनी, माझ्या वारलेल्या मित्राची बायको. गोदामांसाठी खाडीत भराव टाकायचं ठरत होतं, तेव्हा ग्रामसभेत ती एकटी उभी राहिली. "खाडी बुजवाल तं भरतीचं पानी जाईल कुठं? माझ्याच घरान ना?" सरपंच हसत म्हणाले, "वहिनी, बसा. चहा आलाय."

"चहा तू पी रं. पानी मला प्यावं लागंल!"

सभा हसली. मीही हसलो. बाहेर पडताना मात्र तिला शब्द दिला — तुमचं बोलणं माझ्या गोष्टीत येणार, जसंच्या तसं.

लिहिलंही. पानंच्या पानं. ती थांबतच नव्हती.

मग अंकाचं मागचं पान आठवलं. तिथली जाहिरात दरवर्षी, हा भराव टाकणाऱ्या गोदामवाल्या दादांची. ती नसली तर अंक नाही, अंक नसला तर माझी कादंबरी नाही. कुणी धमकावलं? नाही. कुणी नुसतं विचारलं तरी का? संपादकांनी ती पानं पाहिलीसुद्धा नव्हती. मीच घाबरलो. पानं फाडली. आणि बाई गप्प का, याला काहीतरी कारण हवं — म्हणून तो कुलपाचा कायदा काढला. जुलूम दाखवायला नाही. तिला गप्प करायला.

अंक घेऊन वहिनी घरी आली. "भावजी, पोरीनं समदं वाचून दाखवलं. मी बोलली ते कुठं हाय?"

"संपादकांनी कापलं, वहिनी."

"जाऊ द्या. तुमचा काय दोष?" — उलट माझीच समजूत काढून गेली.

भराव झाला. आता मोठ्या भरतीला पाणी तिच्या घरात येतं. तरी बाजारात ती भेटेल त्याला सांगते, "आमच्या भावजींनी लिवलं होतं, त्या संपादकानं कापलं." शेजारी असलो तर मी मान डोलावतो.

उद्या कादंबरीचं पुस्तक निघतंय. वहिनी पहिल्या रांगेत असेल. आयोजकांनी मला त्या मुक्या बाईचंच प्रकरण वाचायला सांगितलंय.

मी हो म्हणालोय.