गोळी ठरेपर्यंत

निर्णय घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण निर्णय न घेण्यासाठी इतके कष्ट उपसणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमच्या हिचे मामा. अमेरिकेत, हर्नडनमधल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम होतं. ऑफिसात ते पगार घेऊन चुका शोधायचे, घरी हौसेने. टोस्टर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी इतका अभ्यास केला, की मामी बिचाऱ्या दोन हिवाळे तव्यावर पाव भाजत राहिल्या, आणि शेवटी एक टोस्टर पसंत पडला तोवर तो बनायचा बंद झाला होता. गादी घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या गादीवर उताणे, पालथे, कुशीवर असं निजून बघता बघता त्यांचा खरंच डोळा लागला. विक्रेत्याने हळू आवाजात मामींना विचारलं, "उठवू का?" मामी म्हणाल्या, "राहू दे. घरी कुठे गादी आहे?" लग्नाच्या वेळीसुद्धा मामींना बघायला ते पुन्हा पुन्हा आले. "शेवटच्या वेळी मीच विचारलं, वॉरंटी हवीय का म्हणून," असं मामी आजही सांगतात, आणि मामा गंभीरपणे म्हणतात, "प्रश्न रास्त होता."

निवृत्त झाल्यावर डोंगरापलीकडे, शहरापासून दूर, त्यांनी थोडी जमीन आणि घर घेतलं. म्हणजे मामींनी घेतलं. मामा तळघरात ओल शोधत होते, तेवढ्यात वर मामींनी सही करून टाकली. त्या घराच्या कुंपणाला लागून वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं कुरण होतं. बायको गेलेली, मुलगी ओहायोत, आणि जवळ बायकोने हौसेने पाळलेल्या मोजक्या मेंढ्या. मामा त्याला वॉल्टरराव म्हणत. त्यालाही ते आवडलं असावं, कारण पुढे फोनवर तो स्वतःच तसं नाव सांगू लागला. शहरातून आलेल्या मामांना त्या गावात दुसरं बोलायला माणूस नव्हतं, आणि वॉल्टररावांना मेंढ्यांखेरीज ऐकणारं कोणी नव्हतं. दोघांचं जमलं ते असं.

त्या वसंतात कायोटी आला. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठं आणि लांडग्याहून लहान असं एक हुशार जनावर. त्याने लागोपाठ दोन कोकरं नेली. वॉल्टररावांची मुलगी फोनवर म्हणाली, झालं तेवढं पुरे, मेंढ्या लिलावात काढा आणि माझ्याकडे या. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, नेम धरणं शक्य नव्हतं. त्याने मामांना विचारलं, "तुम्ही एक बंदूक घ्याल का? नाहीतर मला जावं लागेल."

बंदूक सोडा, मामांनी आयुष्यात झुरळावरसुद्धा चप्पल उगारली नव्हती. पण मित्र जाईल म्हटल्यावर ते तयार झाले. "घेतो," ते म्हणाले, "पण जरा बघून घेऊ." हे ऐकून मामींनी कपाळाला हात लावला.

पहिली सूचना मामांनी दुसऱ्याच दिवशी केली, आणि ती चांगली होती: निर्णय होईपर्यंत मेंढ्या दिवस मावळायच्या आत गोठ्यात घ्याव्या. त्यामुळे कोकरं वाचली आणि मामांना अभ्यासाला मोकळं रान मिळालं. रोज संध्याकाळी ते वॉल्टररावांच्या पडवीत जाऊन बसत. विषय एकच. साधी पॉइंट बावीसची, बारीक नळीची बंदूक? स्वस्त, आवाज कमी, पण गोळी हलकी. जनावर जखमी होऊन झुडपात शिरेल आणि तडफडेल. हे मामांना मान्य नव्हतं. बारा गेजची शॉटगन? झाडीजवळ, अगदी जवळच्या अंतरावर उत्तम, पण कुरणाच्या त्या टोकापर्यंत छर्रे पोचणार नाहीत. टू-फॉर्टी-थ्रीची रायफल? वाऱ्यातही सरळ जाते, हरणालाही चालते. "पण आपल्याला हरीण कुठे मारायचंय?" असं मामा विचारत आणि वॉल्टरराव गंभीरपणे मान हलवत. शेवटी टू-ट्वेंटी-थ्रीवर दोघांचं एकमत झालं: धक्का कमी, लांबवर अचूक, आणि मामांच्या खांद्याला झेपेल अशी. मामांनी कुरण पायी फिरून कुठून गोळी झाडली तर निशाणाच्या मागे टेकडी येते आणि कुठून झाडली तर चर्च येतं, तेही पाहून ठेवलं. मी त्यांना एकदा म्हणालो, "मामा, एवढं कोण बघतं?" ते म्हणाले, "जावईबापू, सुटलेली गोळी कॅन्सल करता येत नाही."

बंदूक घ्यायला मीही गेलो होतो. त्या वर्षांत आमच्या रंगाचा माणूस बंदुकीच्या दुकानात शिरला की लोक एकदा बघून पुन्हा बघत. तिथेही तेच झालं. वॉल्टरराव काठी टेकत पुढे झाले आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, "हे माझे शेजारी. यांना एक खुर्ची द्या, आणि स्वतःसाठीही एक घ्या." मामांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत तो माणूस त्यांना काका म्हणायचाच बाकी होता. सरकारी तपासणी झाली, बंदूक मिळाली. काडतुसं मात्र मामांनी घेतली नाहीत. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ती चाळीस ग्रेनची हलकी घ्यावी, पंचावन्नची घ्यावी की आणखी जड, हे त्यांचं ठरत नव्हतं. गाडीत वॉल्टरराव म्हणाले, "घाई नको." मुलीला त्यांनी फोनवर सांगून टाकलं, की गोळी ठरेपर्यंत मला येता येणार नाही.

आणि मग खंडेनवमी आली. मामा दरवर्षी कीबोर्ड, गाडीच्या किल्ल्या आणि गवत कापायचं यंत्र पूजेत मांडायचे. त्या वर्षी पाटावर मधोमध बंदूक होती, हळदकुंकू लावलेली, मामींच्या बागेतल्या झेंडूंनी सजलेली. त्यांच्या घरची रीत अशी, की पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. आरती चालू असतानाच वॉल्टररावांची हाक आली. भरसकाळी कायोटी कुरणात उतरला होता आणि कोकरांकडे सरकत होता. मी बंदुकीकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "हात लावायचा नाही," ते म्हणाले. मामी म्हणाल्या, "अहो, अक्षता टाकते नि उचला." तोवर मला आठवलं, की घरात काडतूस एकही नाही.

मामा तसेच धावले. कद नेसलेले, उघडेबंब, एका हातात घंटा आणि दुसऱ्या हातात ताम्हन. थंडीत दवाने भिजलेल्या गवतातून ते घंटा बडवत, ताम्हन कुंपणाच्या खांबावर आपटत, "हो बाहेर, मेल्या," असं ओरडत सुटले. कायोटीने आयुष्यात बंदुका पाहिल्या असतील, हे त्याने पाहिलं नव्हतं. तो क्षणभर थांबला आणि डोंगराच्या दिशेने जो पळाला, तो कित्येक आठवडे दिसला नाही. वॉल्टरराव कुंपणाला धरून डोळे पुसत हसत होते. मामा त्यांना धापा टाकत म्हणाले, "सॉरी, वॉल्टरराव. अजून गोळी ठरली नाही."

तेव्हापासून रोज सकाळी मामा घंटा घेऊन कुरणाला फेरी मारू लागले. असे दोन हिवाळे निघाले. मग एकदा बर्फावरून घसरून वॉल्टरराव पडले, आणि मुलगी त्यांना न्यायला आली ती लिलावाचा ट्रक सांगूनच. अंगणात मेंढ्या गोळा झाल्या होत्या. वॉल्टररावांनी मामांकडे पाहून नुसता घसा खाकरला. मामा म्हणाले, "मी ठेवतो." प्रश्नसुद्धा कोणी पुरता विचारला नव्हता. मामी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा हात घट्ट धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी असं काही ऐकलं नव्हतं.

पुढे दर रविवारी ओहायोहून फोन यायचा. मेंढ्यांची चौकशी, पायाची तक्रार, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: गोळी ठरली का? मामा म्हणायचे, "बघतोय अजून." मग त्यावर बराच वेळ बोलणं चालायचं. गेल्या उन्हाळ्यात ते फोन थांबले.

यंदाच्या खंडेनवमीला मी गेलो होतो. पाटावर तीच बंदूक होती, कधी न झाडलेली. बाहेर मेंढ्या चरत होत्या. पूजा झाल्यावर मामा तिथेच बसून राहिले.

"पंचावन्न ग्रेनचीच बरोबर होती," ते म्हणाले. "पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं मला."

"मग सांगितलं का नाहीत?"

मामांनी नळीवरून घसरलेलं झेंडूचं फूल उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

"सांगितलं असतं तर संध्याकाळी काय बोललो असतो आम्ही?"