कंगव्याला कात्री म्हणणारी

काकांना गल्लीत सगळे रेडिओ म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं केस कापायचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की कात्रीच्या आधी काकांचं तोंड सुरू व्हायचं. त्यात कुणी काही चुकीचं बोललं की संपलंच! कोपऱ्यावरचा पूल आधी झाला की पाण्याची टाकी, कोण कोणाचा साडू, सगळं दुरुस्त करून दिल्याशिवाय माणसाला उठू द्यायचे नाहीत. आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या काकूंना घडोघडी हाक यायची, "अगं, ऐकलंस का?" ऐकण्यासारखं काही नसायचंच. "कान किटले माझे," असं पुटपुटत काकू दारापर्यंत जायच्याच.

मग एका सकाळी दाढीचा ब्रश काकांच्या हातून गळून पडला, उजवं अंग लुळं झालं आणि रेडिओ बंद पडला. पुढे पाय सावरला, हातही थोडाफार चालू लागला. वाचा तेवढी आली नाही. सराव केला तर येईल, असं डॉक्टर म्हणाले. काकू सराव घ्यायला बसल्या. "म्हणा, कात्री. का-त्री." काकांनी अशा नजरेनं पाहिलं की काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस बायकोकडून बाराखडी घेणार होता थोडाच! दुकानाचं दार बंद झालं. आता काकूंना जगात एकच गोष्ट हवी होती. पुढच्या खोलीतून एकदा हाक यावी, अगं, ऐकलंस का.

गावात परदेशी मुलांना भाषा शिकवणारी एक संस्था होती. उन्हाळ्यात मुलं यायची, कोणाच्या तरी घरी राहायची, सकाळी वर्गात बसायची आणि संध्याकाळी घरच्या माणसांशी बोलून बोलून जीभ वळवायची. त्यासाठी संस्थेला घरं हवी होती. काकूंनी नाव दिलं तेव्हा शेजारीण तोंडावर हसली. "एकाला बोलता येत नाही, दुसरीची मान मशीनवरून वर होत नाही. बरं घर मिळणार बिचारीला!" तिचं काही चुकलं नव्हतं. पण काकूंना मूलबाळ नव्हतं, घर खायला उठत होतं.

पोर आली ती उंच, काटकुळी, आणि प्रश्न विचारून जीव खाणारी. काका-काकू म्हणायला ती पहिल्याच दिवशी शिकली. थोड्याच दिवसांत तिनं दुकानाचं दार ढकललं आणि धूळ झटकत आत शिरली. काका लगबगीनं मागोमाग गेले. त्यांच्या वस्तूंना कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. पोरीनं कंगवा उचलला.

"काका, ही कात्री?"

काकांनी जोरात नकाराची मान हलवली.

"कात्री," पोरीनं ठासून सांगितलं आणि कंगवा केसांतून फिरवायला लागली. "छान कात्री!"

काका लालबुंद झाले. ओठ थरथरले, मान ताठ झाली. "कं... कंगवा!"

आत काकूंचे पाय मशीनवर थांबले. त्या पदर तोंडात धरून रडल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी दुकानात शाळा भरू लागली. पोर वस्तऱ्याला ब्रश म्हणायची, पावडरीला साबण. काका कपाळाला हात लावायचे, खुर्चीच्या हातावर थापा मारायचे, आणि त्या रागात शब्द निसटून बाहेर पडायचा. इतकी ढ मुलगी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. तिला मार्गाला लावायचं म्हणून ते सकाळी स्वतःची स्वतः दाढी करून तयार बसू लागले.

एकदा काकू धाग्याची रिळं आणायला गेल्या, तर ही पोर दुकानदाराला सांगत होती, "बारीक दातांचा कंगवा द्या. आणि नखं कापायची छोटी कात्री." काकू बघतच राहिल्या. पोरीनं ओठांवर बोट ठेवलं.

"काकूऽ, काकांना सांगायचं नाही हं."

"सांगेन कशी? जीभ झडेल माझी!"

जायच्या आदल्या संध्याकाळी पोरीनं काकूंना हात धरून दुकानात ओढलं. "काका, ही कोण? शेजारीण ना?"

काका हसू लागले. "बा... बायको."

"हिला हाक कशी मारायची?"

"अ..." काकांनी डोळे मिटले. "अ..." काकूंनी श्वास रोखून धरला. पण पुढचं काही आलं नाही. "येईल," पोर म्हणाली. "पुढच्या महिन्यात येईल." आणि दोघांच्या गळ्यात पडून रडली.

ती आपल्या देशात घरी पोचली आणि तिचा फोन आला. तिचा आवाज काकांनाही ऐकू जावा म्हणून काकूंनी स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी नेला. आपल्याला कोण कोण ऐकतंय हे पोरीला कुठून कळणार? ती सुसाट सुटली. "काकू, काकांचा सराव चालू आहे ना? मी कंगव्याला कात्री म्हटलं तेव्हा वाटलं, आता मार बसतोय! सगळे शब्द येत असताना खोटं खोटं चुकायचं, किती कठीण असतं ते! पण तुम्ही गुपित छान ठेवलंत." एकही चूक न करता बोलत होती. काकूंचा अंगठा बटण शोधत राहिला.

काकांनी आधी फोनकडे पाहिलं, मग काकूंकडे. चिडले असते, फोन भिरकावून दिला असता, तर काकूंनी पाय धरले असते. ते चिडले नाहीत. उठले, भिंतीच्या आधारानं पुढच्या खोलीशी गेले आणि दुकानाचं दार ओढून घेतलं.

काकूंनी कितीतरी दिवस वाट पाहिली. शेवटी एका दुपारी कंगवा घेऊन त्या काकांसमोर बसल्या.

"अहो, ही कात्री ना?"

काकांनी कंगव्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले.

"नीट बघा ना. कात्री आहे ही?"

"हो."

काकूंनी कंगवा खाली ठेवला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आणि मी? मी कोण तुमची? शेजारीण ना?"

काकांनी त्यांचा हात हातात घेतला, हळूच थोपटला, जसा दमलेल्या माणसाचा थोपटावा तसा.

"हो," ते म्हणाले.